साबणावाचून घडविलेले मणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी जराशी बिचकलेच. वर्धापनदिनाच्या दिवशी व्याख्यान म्हटले की संतचरित्र असावे, आरोग्याच्या चार गोष्टी असाव्यात, असा आपला रिवाज. पण त्यांनी स्पष्टच सांगितले, "पुण्याला चार वर्षे राहून तू काय शिकलीस, ते आम्हाला समजेल असे सांग. मुलीला एवढे शिकवून काय केले, हे आम्हालाही कळू दे." म्हणून आज मी आपल्यापुढे माझा विषयच घेऊन उभी आहे. विषयाचे पुस्तकी नाव ऐकाल तर अर्ध्याजणी उठून चहाकडे जातील. तेव्हा ते नाव बाजूला ठेवते आणि आपल्या घरातल्या एका कागदापासून सुरुवात करते.

सांधे धरले, बोटे सुजली, की डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात. त्या तपासणीच्या कागदावर पुष्कळदा 'आर. ए. फॅक्टर (लॅटेक्स)' असे छापलेले असते. पुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह'. आपण शेवटचा शब्द तेवढा वाचतो. मी आज कंसातल्या शब्दाबद्दल बोलणार आहे.

लॅटेक्स म्हणजे चीक. रुईचे पान तोडले, उंबराच्या सालीवर विळा लागला, तर जो पांढरा चीक येतो तोच. चीक पांढरा का दिसतो? त्यात बहुतेक पाणीच असते, पण त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तरंगत असतात आणि ते उजेड चहूकडे उधळतात. दूधही याच कारणाने पांढरे. आम्ही प्रयोगशाळेत जो चीक करीत असू तो झाडाचा नव्हे, पॉलिस्टायरीनचा. पॉलिस्टायरीन हे पॉलिमर आहे, ज्याला मराठी विश्वकोशात बहुवारिक असा शब्द आहे. आपल्या ओळखीची वस्तू सांगायची तर थर्माकोल. गणपतीपुढे ज्याची मखरे एकेकाळी उभी राहत, तेच द्रव्य. थर्माकोलात ते हवेने फुगविलेले असते. आमच्या चिकात त्याचे भरीव, वाटोळे मणी पाण्यात तरंगत असतात. एक मणी साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे दोन हजार मणी एकापुढे एक बसतील.

आता या मण्यांचे रक्तात काम काय? काम असे, की मण्याच्या अंगावर विशिष्ट प्रथिन चिकटवून ठेवावयाचे. संधिवाताच्या तपासणीत ते प्रथिन असते मानवी प्रतिपिंड. रोग्याच्या रक्तद्रवात 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर' असेल तर तो या मण्याचा हात धरतो, त्या मण्याचा हात धरतो, आणि बघता बघता फुगडीचा फेर धरावा तसे मणी एकमेकांत गुंततात. काळ्या काचेवर जे गुळगुळीत दूध होते त्याची रवाळ कणी झालेली नुसत्या डोळ्यांना दिसते. ही युक्ती 1956 साली न्यूयॉर्कच्या सिंगर आणि प्लॉट्झ या दोघांनी पुढे आणली. आपल्या बाजूला गोव्यात ट्यूलिप डायग्नोस्टिक्स या कारखान्यात अशा तपासण्यांच्या पेट्या तयार होतात. बालपणी घसा धरून पुढे सांधे दुखू लागले तर 'ए. एस. ओ.' आणि अंगात दाह आहे का हे पाहण्यासाठी 'सी. आर. पी.' या तपासण्याही याच मण्यांवर होत आल्या आहेत. पूर्वी दिवस राहिल्याची तपासणीसुद्धा अशीच काचेवर होई. पण तिथे गंमत उलटी असे. कणी धरली तर दिवस राहिलेले नाहीत, दूध गुळगुळीत राहिले तर आनंदाची बातमी! आता आशाताई जी पट्टी देतात तिच्यात रंगीत रेघ उमटते, त्यामुळे हा घोटाळा उरला नाही.

पण एक विचार करा. मणी लहानमोठे असतील तर काय होईल? मोठे आपोआप तळाशी बसतील, लहान वरच तरंगतील, आणि रोग्याचे रक्त न घालताच दूध रवाळ दिसू लागेल. कणी कोणामुळे धरली, रोगामुळे की मण्यांच्या दोषामुळे, हे कसे ओळखावे? म्हणून मणी एकसारखे हवेत. माझी चार वर्षे या 'एकसारखे' या एका शब्दात गेली.

एकसारख्या मण्यांची गोष्ट योगायोगाने सुरू झाली. 1947 च्या सुमारास अमेरिकेत डाऊ कंपनीने केलेला एक चीक मिशिगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यातले मणी एका साच्यातून काढल्यासारखे निघाले. त्यांना एवढा हर्ष का झाला? त्या नव्या यंत्राखाली दिसणारी वस्तू किती मोठी, हे मोजावयास त्यांच्याकडे भरवशाचे मापच नव्हते. ते माप आयते हाती आले. सोन्याच्या तराजूला गुंज मिळावी तसे.

त्या काळी चीक करावयाचा म्हणजे साबण घालावयाचा, असाच परिपाठ होता. स्टायरीन हे तेलासारखे द्रव्य. ते पाण्यात मिसळत नाही. साबण घातला की तेलाचे बारीक थेंब होतात, पाण्यात टिकून राहतात आणि तयार झालेले मणी एकमेकांना चिकटत नाहीत. साबणाच्या अणुरेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलकट ताट आपण साबणाने घासतो, तेव्हा हेच घडत असते. मग साबणाला नकार कशासाठी?

अडचण अशी, की साबण मण्याच्या अंगावर बसून राहतो. आपल्याला तिथे प्रथिन बसवावयाचे आहे आणि जागा साबणाने अडविली आहे. धुऊन काढावा म्हटले तर पुरता निघत नाही. निघाला तर मणीच एकमेकांना चिकटू लागतात. शिवाय मण्याच्या अंगावर विद्युतभार किती आहे हे मोजू गेले, तर मण्याचा किती आणि साबणाचा किती याचा हिशेब लागत नाही. पाहुणा आणि घरमालक एकाच दारातून बोलतात म्हणा ना. म्हणून साबणावाचून मणी करण्याचा मार्ग शोधला गेला. 1965 साली जपानमध्ये मात्सुमोतो आणि ओची यांनी तो दाखविला. पुढे 1970 च्या सुमारास त्याच देशात कोटेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि 1973-74 मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथे गुडविन, हर्न, हो आणि ऑटेविल यांनी त्याचे बारकावे बसवून दिले. आमच्या टेबलावर ब्रिस्टलचाच निबंध उघडा असे. त्याची पाने चहाच्या डागांनी पार पिवळी झाली होती.

कृती ऐका. तीन तोंडांचा काचेचा चंबू. त्यात दोनदा ऊर्ध्वपातन केलेले पाणी. चंबू गरम पाण्याच्या भांड्यात बसवून उष्णता 70 अंशांवर कायम ठेवावयाची. एका तोंडातून नायट्रोजन वायू सोडून हवेतला ऑक्सिजन बाहेर घालवावयाचा, कारण तो या क्रियेच्या पायात पाय घालतो. मधल्या तोंडातून ढवळणी फिरती ठेवावयाची. पाण्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके स्टायरीन घालावयाचे. बाजारातून आलेले स्टायरीन तसेच चालत नाही. बाटलीतच गोठू नये म्हणून त्यात रोधक द्रव्य घातलेले असते. ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन स्टायरीन कमी दाबाखाली पुन्हा उकळून घ्यावे लागते. शेवटी विरजण म्हणून थोडेसे पोटॅशियम परसल्फेट, पाण्यात विरघळवून. मग चोवीस तास थांबावयाचे.

पहिला काही वेळ काहीच दिसत नाही. मग पाण्याला निळसर छटा येते, दुधाचे चार थेंब पाण्यात पडले तर येते तशी. हा क्षण मला अजून मोहात पाडतो. मणी जन्मले आहेत, पण इतके लहान आहेत की उजेडातला निळा अंशच अधिक उधळतात. पुढे निळसर जाऊन पांढरे होते, आणि सकाळी चंबूत दूध तयार.

साबण नाही, मग मणी टिकले कसे? यातली खुबी फार सुंदर आहे. परसल्फेट उष्णतेने फुटते आणि त्याचा तुकडा पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा स्टायरीनला पकडतो. एक एक दुवा जोडत साखळी वाढू लागते. साखळीच्या टोकाशी सल्फेटचा गट, जो पाण्यात रमतो. आणि शेपूट स्टायरीनची, जिला पाणी नकोसे. एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे. अहो, हा साबणच की! आपण घातला नाही, तर घरच्या घरी तयार झाला. आणि तो मण्याच्या अंगी विणलेला असल्यामुळे धुतला तरी जात नाही, प्रथिनाची जागाही अडवीत नाही.

आणि सारखेपणा कुठून आला? सुरुवातीला जन्मलेले कण फारच लहान आणि दुबळे असतात. त्यांच्या अंगावर पुरेसा ऋणभार नसतो, म्हणून ते एकमेकांत मिसळत जातात. मिसळता मिसळता प्रत्येकावर इतका भार जमतो की दुसरा जवळ येऊ शकत नाही. तेथे मण्यांची संख्या ठरून जाते. नवा जन्मत नाही, जुना मिसळत नाही. फक्त सगळे वाढतात. आपल्याकडे एका वाफशावर झालेली पेरणी कशी सारख्या उंचीची उभी राहते आणि पंधरा दिवस मागेपुढे झालेली कशी चढउतार दिसते, हे शेतावर गेलेल्या बाईला सांगावयास नको. आमचे मणी एका वाफशाचे. पुढच्या वाढीत लहान मणी आपल्या मानाने मोठ्यापेक्षा लवकर वाढतो, म्हणून राहिलासाहिला फरकही मिटत जातो.

मिठाची गोष्ट तर घाटाखालच्या भगिनींना माझ्यापेक्षा अधिक कळेल. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागातला पूर्णाकाठचा खारपाण पट्टा आपण जाणतोच; विहिरीच्या त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. आमच्या चंबूतही क्षारांचा असाच खेळ चालतो. अगदी मोजके मीठ घातले तर मण्यांचा भार थोडा झाकला जातो, ते अधिक वेळ मिसळत राहतात आणि शेवटी संख्येने कमी पण आकाराने मोठे होतात. मीठ जास्त झाले तर सगळ्याचे दही. कॅल्शियमसारखे क्षार असतील तर अगदी थोडेही पुरे. म्हणून आमचे पाणी इतके जपून केलेले. उष्णता वाढविली तर मणी लहान निघतात. मीठ आणि आच या दोहोंवर हात बसला की हवा तो आकार काढता येतो. स्वयंपाकापेक्षा हे फार निराळे नाही.

आता माझी फजिती सांगते. दुसऱ्या वर्षी सलग तीन वेळा माझ्या चिकात दोन जातींचे मणी निघाले. एक मोठ्यांचा घोळका आणि त्यांच्यामध्ये बारीक पिल्लांची गर्दी. मी कृती तपासली, उष्णता तपासली, परसल्फेटची नवी बाटली फोडली. महिना गेला. प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या एक मावशी होत्या. मी चंबू विसळत असताना त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, पाण्याला अजून फेस धरतोय." मी पाहिले तर खरेच, काठाशी दोन-चार बुडबुडे फुटायचे नाव घेत नव्हते. मी घाईघाईने साबणाच्या पुडीने चंबू घासत होते आणि दोनदा विसळून कामाला लावीत होते. साबणावाचून मणी करणारी मी, साबण माझ्याच हाताने घालत होते! तेवढ्या अंशाने मणी उशिरापर्यंत जन्मत राहिले आणि पेरणी दोन वाफशांची झाली. त्या दिवसापासून चंबू वाफेवर धरून, ऊर्ध्वपातित पाण्याने आठ-आठ वेळा विसळून घेऊ लागले. चौथा चीक साफ उतरला. प्रबंधात आभाराच्या पानावर मावशींचे नाव आहे. इथे सांगत नाही, कारण त्यांना विचारलेले नाही.

चीक साफ उतरला हे ओळखावयाचे कसे, तेही थोडक्यात सांगते. प्रथम तो विशिष्ट नळीच्या पडद्यात बांधून दिवसचे दिवस स्वच्छ पाण्यात टांगून ठेवावयाचा, म्हणजे उरलेले क्षार निघून जातात. मग त्याचा थेंब जाळीवर वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घ्यावयाचे आणि शेकडो मण्यांचे व्यास एकेक करून मोजावयाचे. चांगल्या चिकात शंभरास दोन-तीनपेक्षा अधिक तफावत नसते. तेच मणी पाण्यात तरंगत असताना प्रकाशकिरणांनीही मोजतात. दोन मापे तंतोतंत जुळत नाहीत; एक वाळलेल्या मण्याचे, दुसरे ओल्याचे. अंगावरचा भार मोजण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे अगदी सौम्य पाणी थेंबाथेंबाने घालून विजेचे वहन पाहतात. ते आधी उतरते, मग चढते; जेथे वळण घेते तेथे भाराचा आकडा मिळतो. पण माझी आवडती परीक्षा याहून साधी आहे, ती शेवटी दाखविते.

फार मोठे मणी, दहा मायक्रॉनचे वगैरे, पृथ्वीवर सारखे काढणे अवघड जाते. वाढीत असताना ते हलके म्हणून वर येतात, पुरे झाले की जड होऊन तळाशी जातात. यासाठी 1982 पासून अमेरिकनांनी अंतराळयानातून चंबू वर पाठविला आणि ते मणी 1985 साली मापाचे मणी म्हणून विकावयास काढले. अंतराळात तयार होऊन विकली गेलेली पहिली वस्तू ती. एवढे करूनही आमचे अर्ध्या मायक्रॉनचे मणी मला त्यांहून प्रिय आहेत, हा माझा पक्षपात समजा.

आता जे सांगावयाचे ते सांगताना जड जाते. माझ्या काकू घाटाखाली राहतात. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांची बोटे दुखू लागली. मी सुटीवर आले होते, म्हणून त्यांच्याबरोबर तपासणीला मीच गेले. तेथल्या मुलाने काचेवर थेंब घेतला, चिकाचा थेंब मिसळला, काच हलविली. एवढ्यात गर्दी झाली, तो दुसऱ्याचे रक्त काढावयास वळला. काच पंख्याखाली तशीच राहिली. ही तपासणी सर्वसाधारणपणे दोन मिनिटांच्या आत वाचावयाची असते. त्यापुढे थेंबाच्या कडा वाळतात आणि वाळताना मणी आपसूक जवळ येऊन कणी धरल्यासारखे दिसते. मुलगा परत आला तोवर सात-आठ मिनिटे झाली असतील. त्याने काच उचलली, पाहिली, आणि लिहिले 'पॉझिटिव्ह'.

मी तेथेच बाकावर होते. त्या मण्यांसाठी चार वर्षे घातलेली बाई त्या खोलीत मी एकटीच होते. आणि मी बोलले नाही. लोकांदेखत त्या मुलाचा पाणउतारा नको, काकू म्हणतील शिकली म्हणून मिरवते, असे काहीबाही मनात आले आणि मी पैसे देऊन पावती घेतली. काकूंना गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पोट बिघडले, जेवण तुटले. "माझी बोटे वाकडी होणार, मग नातवाला कशी घेऊ," हे त्या रात्री-बेरात्री म्हणत. चार महिन्यांनी अकोल्याला दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करविली. निगेटिव्ह. वयाने सांधे झिजलेले, एवढेच. काकूंना मी हे सारे मागच्या दिवाळीत सांगितले. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "तेव्हाच बोलली असतीस तर बरे झाले असते गं," आणि वळत राहिल्या.

म्हणून बायांनो, काच डोळ्यांसमोर असेल तर घड्याळाकडे पाहा आणि उशीर झाला तर पुन्हा करावयास सांगा. सोबत दोन माहितीचे थेंब, एक धरणारा आणि एक न धरणारा, तपासून पाहिले का, हेही विचारा. पेटी शीतकपाटात ठेवतात का, ते विचारा. पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, कारण एकदा गोठलेला चीक पुन्हा गुळगुळीत होत नाही. आणि हेही ध्यानात असू द्या, की 'पॉझिटिव्ह' म्हणजे संधिवात ठरलाच असे नाही. वय झालेल्या धडधाकट माणसातही ते येऊ शकते, आणि खऱ्या रोग्यात कधी येतही नाही. निदान डॉक्टरांनी हात-पाय पाहूनच करावयाचे. माझे ऐकून मात्र कोणी चालू गोळ्या बंद करू नका, आधी विचारा.

आता ती काच. येताना एका पट्टीवर चिकाचा थेंब अगदी सावकाश वाळवून आणला आहे. यात कोणताही रंग घातलेला नाही. सारखे मणी रांगेत, थरावर थर बसले, की उजेड त्यांच्यातून फुटून येतो आणि मोरपिसासारखे हिरवे-तांबडे-निळे चमकते. ऑस्ट्रेलियातील ओपल रत्नातही असेच गारगोटीचे सारखे गोळे रचलेले असतात, हे 1964 साली उघड झाले. मणी लहानमोठे असते तर हा थर नुसता खडूसारखा पांढरा दिसला असता. हीच माझी आवडती परीक्षा. हिला यंत्र लागत नाही. पुढच्या रांगेपासून काच फिरवू या. कडेने धरा, मध्ये बोट लावू नका, आणि खिडकीकडे जरा तिरपी करून बघा. मागे बसलेल्या आजींना आधी द्या, त्यांना उजेड जास्त लागेल.